तिसऱ्या बादलीचं वजन

चहाचा कप तोंडाला लावण्याआधी ते तो तळहातावर तोलून पाहत.

भाजीवाल्याकडे गेले की आधी काट्याकडे बघत, भाजीकडे नंतर. रिकाम्या काट्याचा आकडा शून्यावर नसेल तर काही न बोलता बोट दाखवत.

खिशात रुमालात बांधलेलं पन्नास ग्रॅमचं पितळी वजन असे. देवळात जातानाही.

कोणी "थोडंसं" म्हटलं की विचारत, "थोडंसं म्हणजे किती?"

पाणी पिऊन झालं की भांडं उपडं धरून शेवटचा थेंब पडायची वाट बघत.

गच्चीत आले की आधी डावीकडची बादली, मग मधली, मग उजवीकडची. हा क्रम कधी बदलला नाही. उजवीकडच्या बादलीपुढे जास्त वेळ उभे राहत.

सासऱ्यांबद्दल बोलताना उत्तरेकडे बघत. त्यांचं गाव त्या बाजूला, येलहंक्याच्या पुढे.

या सवयी मी त्यांच्या हयातीत मुद्दाम लक्षात ठेवल्या नव्हत्या. त्रिविक्रम अण्णा गेल्यावर एका दुपारी त्या आपोआप आठवत गेल्या आणि मी लिहीत गेले. लिहून झाल्यावर पाहिलं, तर त्यांत माणूस कमी आणि वजन जास्त होतं. ते खरंच तसे होते की मला तेवढंच दिसलं, ते आता विचारता येत नाही.

मी सिद्धी. नागपूरची. मराठीत एम.ए. केलं आणि कोरमंगलाच्या एका कंपनीत जाहिरातींचा मजकूर लिहायला लागले. आधी तिथेच पीजीत राहत होते, एका खोलीत तिघी. सप्टेंबर २०२२ मध्ये बनशंकरीतली ही गच्चीवरची खोली मिळाली. दार अण्णांनीच उघडलं होतं.

"नागपूर?" ते म्हणाले. "तिकडे उन्हाळ्यात माणसं वाळत घालतात म्हणे."

"नाही जी, पापड घालतात. माणसं आपणहून वाळतात."

ते हसले. आतून त्यांच्या बायकोचा, अनुसूया अक्कांचा आवाज आला. "आधी तिला आत तर घ्या. उंबऱ्यावरच वजन करताय काय?"

वजन करणं हा त्यांचा धंदाच होता. बाजाराजवळ आठ बाय दहाचं दुकान. वजनकाटे दुरुस्त करायचं. पितळी तराजू, पोती मोजायचे मोठे काटे, हल्लीचे बॅटरीवरचे. दुकान जवळजवळ कधीच बंद नसे. सकाळी साडेआठला जात, संध्याकाळी सातला परत येत. त्यांचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी या बाजूला आलेलं. मराठी घरात टिकलं होतं, पण कन्नड शब्द येऊन त्यात राहिले होते. मी घाईत असले की म्हणायचे, "स्वल्प थांब गं. एवढं काय करून राहिली?" शेवटचे तीन शब्द माझी नक्कल म्हणून.

जानेवारी २०२३ मध्ये अण्णांच्या छातीत दुखलं. चार दिवस इस्पितळात होते. डॉक्टरांनी जड उचलायचं नाही म्हणून सांगितलं. घरी आले, खुर्चीत बसले, भांडंभर पाणी प्यायले, भांडं उपडं केलं.

"वर गेलो असतो तर ते विचारणार होते," ते म्हणाले.

"कोण?" मी विचारलं.

त्यांनी उत्तरेकडे बघितलं. अक्का उठून स्वयंपाकघरात गेल्या.

मार्चमध्ये एका रविवारी त्यांनी मला सोबत चल म्हटलं. येलहंक्याच्या पुढे बसने तासभर. अक्कांचं माहेरचं गाव. तिथून माती आणायची होती. मला वाटलं कुंड्यांसाठी.

गावाबाहेर तळं होतं असं ते म्हणाले. तिथे गेलो तर तळं नव्हतं. तळ्याचा आकार होता. बांध, सांडव्याचे दगड, पायऱ्या. पायऱ्या उतरून आम्ही तळात उभे राहिलो. तिथे मुलांनी क्रिकेटच्या स्टंपांसाठी भोकं पाडली होती. वरच्या अंगाला, जिथून पूर्वी ओढा यायचा, नीलगिरीची झाडं होती. काही उभी. बरीचशी तोडलेली, पण बुंध्यांतून पुन्हा फुटलेली.

"ऐक," अण्णा म्हणाले.

वारा फारसा नव्हता. पण पानांतून आवाज येत होता. सलग, खालच्या पट्टीत, वाहत्या पाण्यासारखा. मी वळून ओढ्याकडे बघितलं. ओढा कोरडा होता.

"सगळे एकदा तरी वळून बघतात," ते म्हणाले.

मग तिथेच पोत्यात माती भरता भरता त्यांनी सांगितलं. १९८४ साल. ते तेविशीचे. काट्यांच्या धंद्यात पडायच्या आधी तीन वर्षं ते एका रोपवाटिकेत रोजंदारीवर होते. गावोगाव झाडं लावायची योजना आली होती. नीलगिरी लवकर वाढते, गुरं तोंड लावत नाहीत, लाकूड हातोहात जातं. गावकरी शंका काढत. समजावायला अण्णांना पाठवत.

"मला तेव्हा बोलता यायचं," ते म्हणाले.

पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं. सासरे भगवंतराव या गावचे मोठे शेतकरी. जावयाचा शब्द म्हणून त्यांनी ओढ्याकाठची चार एकर रागी, म्हणजे आपली नाचणी, मोडून नीलगिरी लावली. त्यांचं बघून बाकीच्यांनी लावली. दहा वर्षांत ओढा थांबला. मग तळं. मग भगवंतरावांची विहीर.

"दर उगादीला आम्ही पाया पडायला यायचो. मामंजी विचारायचे, 'जावईबापू, पाणी कुठं गेलं हो?' रागाने नाही गं. मी कुठेतरी ठेवलंय आणि विसरलोय, अशा सुरात."

"तुम्ही काय म्हणायचात?"

"पाऊस कमी झाला. बोअर वाढल्या. शहर जवळ आलं. त्यात खोटं काही नव्हतं. पण माझा वाटा किती, ते मला माहीत नव्हतं. एकोणीस वेळा विचारलं त्यांनी. मग गेले."

आम्ही मालाच्या ऑटोत तीन पोती माती घालून परत निघालो. ऑटोवाल्याने पोती चाचपून विचारलं, "सोनं आहे काय सार यात?"

"नाही," अण्णा कन्नडात म्हणाले, "साक्षीदार आहे."

उगादीच्या, म्हणजे आपल्या पाडव्याच्या दिवशी, २२ मार्चला, गच्चीत तीन बादल्या मांडल्या गेल्या. रंगाच्या, वीस लिटरच्या. तिन्हींत तळ्यातली माती. डावीकडची नुसतीच माती. मधली रागीसाठी. उजवीकडच्या बादलीत नीलगिरीचं हातभर रोप. शेजारी दुकानातून आणलेला जुना लोखंडी काटा. उचलायला बंदी होती म्हणून त्यांनी काट्याच्याच उंचीची फळी ठोकून घेतली होती. बादली फळीवरून काट्यावर सरकवायची, परत फळीवर सरकवायची. काटा कुरकुरायचा. रोज सकाळी सात वाजता तीनदा. माझा गजर तोच होता.

माती आणि रागी यांना फक्त पावसाचं पाणी. पाऊस मोजायला एक रिकामा डबा. नीलगिरीला मात्र पावसाखेरीज रोज सकाळी खुणेच्या वजनापर्यंत मोजून पाणी. तिची मुळं जमिनीखालच्या ओलीपर्यंत पोचतात, पाऊस नसला तरी तिला खालून मिळत राहतं, म्हणून. कालच्या सकाळपासून वजन जेवढं घटलं, तेवढं पाणी हवेत गेलं. मातीतून उडालेलं आणि पानांतून गेलेलं मिळून. ते वहीत लिहायचं. एक पूर्ण वर्ष.

"एवढं कशाला?" मी म्हटलं. "दोन महिने मोजा, सहाने गुणा."

"उन्हाळ्यातली हवा आणि श्रावणातली हवा सारखं पाणी मागते काय? आणि झाड लहान असताना जेवढं देतं तेवढंच मोठं झाल्यावर देतं? साहित्यवाले तुम्ही. सगळ्याला सहाने गुणता."

एकदा सकाळी त्यांनी नीलगिरीच्या फांदीला प्लास्टिकची पारदर्शक पिशवी बांधली. रविवार होता. अकराला मी उठून बाहेर आले तर पिशवी आतून धुरकटली होती. थेंब जमून कोपऱ्यात उतरत होते. शाळेत एक शब्द होता, बाष्पोत्सर्जन. मी तो परीक्षेपुरता पाठ केला होता. आता तो माझ्या समोर, पिशवीत, थेंबाथेंबाने जमत होता.

"हे रोज जातं," संध्याकाळी अण्णा म्हणाले. "दिसत नाही, एवढंच."

त्यानंतर मला झाडांकडे नीट बघवेना. ऑफिसच्या रस्त्यावर मोठी झाडं आहेत. त्यांच्याखालून जाताना वाटायचं, वरून सारखं काहीतरी निघून जातंय आणि कोणाला ऐकू येत नाही.

त्या वर्षी पाऊस रुसला. ऑगस्ट जवळजवळ कोरडा गेला. जो थोडा पडला त्यावर रागी कशीबशी वाढली, सप्टेंबरात कणसं धरली. आणि एका संध्याकाळी अण्णा वही घेऊन माझ्या खोलीच्या दारात आले.

"बघ. या महिन्यात रागीने नीलगिरीपेक्षा जास्त पाणी घेतलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे वाढत्या पिकाची भूक मोठी असते. रागी काढून नीलगिरी लावली म्हणून पावसाळ्यात काही बिघडलं नाही. उलट..." त्यांनी वही मिटली. "अजून उन्हाळा आहे. आत्ता बोलायचं नाही."

पण ते बोलत राहिले. डिसेंबरात रागी कापली. मधल्या बादलीत खुंट उरले, वजन घटायचं जवळपास थांबलं. मातीचीही वरची कातडी वाळली, तीही थांबली. फक्त नीलगिरी पीत राहिली, पण बेताने. दिवसाला अडीचशे, तीनशे मिली. रोप आता माझ्या खांद्याला लागत होतं. पानं तजेलदार.

"एवढ्याशा पाण्यावर एवढी पानं!" अण्णा म्हणायचे. "उगाच बदनाम केलं बिचारीला."

मी त्यांना गुणगुणताना पहिल्यांदा त्या जानेवारीत ऐकलं. अक्का मला म्हणाल्या, "अडतीस वर्षांत हे गाणं मला ठाऊक नव्हतं हो."

उगादी एप्रिलात येणार होती. तोवर वर्ष पुरं होत होतं. त्या दिवशी गावी जायचं, भगवंतरावांच्या कोरड्या विहिरीत वाकून आकडा सांगायचा, असं त्यांनी ठरवलं.

फेब्रुवारीत एका गुरुवारी मला ताप होता. घरीच होते. दहाच्या सुमाराला देवघराचं दार वाजलं. देवघर जिन्याच्या माथ्याशी, गच्चीला लागून. अक्का बाहेर आल्या. ओले केस, हातात छोटा पितळी गडू. गुडघे सांभाळत उजव्या बादलीपाशी गेल्या. गडू रोपाच्या मुळाशी ओतला, कपाळाला हात लावला, परत गेल्या.

देवाजवळ पाणी भरून ठेवतात. दुसऱ्या दिवशी ते मोरीत ओतत नाहीत, झाडाला घालतात. माझी आईही घालते. मी हे लहानपणापासून बघितलं आहे. म्हणूनच मला कळायला थोडा वेळ लागला.

मग कळलं.

रोज साडेआठला मी आणि अण्णा घराबाहेर. शनिवारी-रविवारी मी अकरापर्यंत झोपलेली. बादली सातला मोजली जाते, गडू दहाला ओतला जातो. दुसऱ्या सकाळी वजन हवं तेवढं घटलेलं नसतं. अण्णा कमी पाणी घालतात. वहीत कमी लिहितात.

मी सतरा दिवस गप्प राहिले. रोज सात वाजता काटा तीनदा कुरकुरायचा. खाली गाणं चालू असायचं. मी पांघरूण डोक्यावरून घ्यायचे.

पंचवीस फेब्रुवारीला, रविवारी दुपारी, दुकानातून लवकर परतलेल्या अण्णांनी मला खाली बोलावलं. पुढ्यात कोरा कागद होता.

"तू एम.ए. आहेस. दोन ओळी नीट लिहून दे. मामंजींना बोलणं शुद्ध लागायचं. असं लिही, की वर्षभर मोजलं. पाण्यात माझा वाटा फार नव्हता."

मी पेन घेतलं. "मामंजींना साष्टांग नमस्कार" एवढं लिहिलं. पुढे हात चालेना.

"अण्णा," मी म्हटलं, "तिसऱ्या बादलीत अजून कोणीतरी पाणी घालतं."

त्यांनी कागद बाजूला सारला.

"थोडंसं," मी म्हटलं.

"थोडंसं म्हणजे किती?"

मी वर, देवघराकडे बोट दाखवलं. ते वर आले, मी मागोमाग. देवघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "अनुसूया, देवाजवळचं भांडं दे."

"आता काय देवाचंही वजन?" अक्का आतून म्हणाल्या.

"ते पाणी तू कुठे ओततेस?"

"झाडाला. मग काय मोरीत ओतू?"

"तुळशीला घालायचं."

"तुळस खाली अंगणात. माझे गुडघे काय तुमचा काटा आहे, तेल घातलं की चालला? पूर्वी गच्चीतूनच खालच्या नारळाला घालत होते. नारळ तुम्हीच पाडलात, गाडी ठेवायला."

"रोज ओततेस?"

"देव काय आठवड्याने असतात?"

मग त्यांनी आमच्या दोघांचे चेहरे पाहिले. पदराला हात पुसला.

"चुकलं का हो माझं?"

"नाही," अण्णा म्हणाले. "काट्याला सांगायचं राहिलं, एवढंच."

त्यांनी गडू काट्यावर ठेवला. आधी भरलेला, मग रिकामा. दोनशे साठ. अक्का हळूच म्हणाल्या, की हा गडू जानेवारीपासूनचा. बोअर आटली, टँकर सुरू झाले, तेव्हा लहान काढला. त्याआधी तांब्या होता. तांब्या काढला. चारशे वीस.

अण्णांनी वहीकडे बघितलं. मग जिन्याच्या पायरीवर बसले. खिशातलं वजन काढून हातात धरून बसले.

मला वाटलं होतं की ते सोडून देतील. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकानातून येताना त्यांनी लाल पेन आणलं.

ओतलेलं पाणीही झाड प्यायलंच होतं. तेव्हा प्रत्येक दिवसाच्या आकड्यात तांब्या मिळवायचा. पण ज्या दिवशी ओतलंच नसेल त्या दिवशी मिळवायचा नाही. प्रत्येक दिवस तपासायचा. भिंतीवरचं गेल्या वर्षीचं कॅलेंडर अक्कांनी कपाटातून काढलं. दिवेलागणीनंतर आम्ही तिघं बसायचो. मी तारीख वाचायची, अक्कांनी आठवायचं, अण्णांनी लिहायचं.

"नऊ एप्रिल."

"ओतलं."

"चौदा मे."

"म्हैसूरला होते. सुप्रीताच्या बारशाला."

"बारसं सात तारखेला होतं," अण्णा म्हणाले.

"बारसं सातला. मी थांबले नव्हते काय आठ दिवस? तुम्हाला आठवणार कसं, तुम्ही इथे हॉटेलातली इडली खाऊन सुखात होतात."

"सरी, बरं. आठ दिवस नाही."

"पाच जून."

"सुतक. वरच्या गल्लीतले काका. दहा दिवस पूजा नाही."

लाल आकडे वाढत गेले. एप्रिलच्या ओळींत तीनशे दहा होतं तिथे सातशे तीस. मेच्या अखेरीला आठशेच्या वर. आम्ही आपल्या सणावारांनी, सोयरसुतकांनी एका झाडाची तहान मोजत होतो. काही दिवस हे गमतीचं वाटलं. मग अण्णा बोलेनासे झाले. गाणं तर कधीच थांबलं होतं.

एकदा त्यांनी पेन ठेवलं.

"उन्हाळ्यात लिहिल्याच्या दुप्पट नव्हे गं. त्याहून जास्त. माती तेव्हा थांबलेली. रागी शेतात नाहीच. हवा कोरडी, मागेल तेवढं कोणी द्यायला नाही. आणि ही एकटी खालून ओढून देत राहते."

"अण्णा, बादलीतलं झाड आणि ओढ्याकाठचं झाड सारखं नाही. पाऊस कमी झालाय. बोअर किती झाल्यात. तुम्हीच म्हणालात."

"माहीत आहे. पावसाचा वाटा पावसाने मोजावा. मी माझा मोजतोय."

अक्का कॅलेंडरवर बोट ठेवून बसल्या होत्या. ते त्यांच्या वडिलांचं तळं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. "माहीत असतं तर ओतलं नसतंत ना?" हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. तो मी विचारला नाही. त्यांनी काय सांगितलं असतं याची मला खात्री नव्हती.

चौदा मार्च, गुरुवार. सात वाजता मी अंथरुणात होते. काटा कुरकुरला. थोड्या वेळाने पुन्हा कुरकुरला. मी तिसऱ्याची वाट बघत होते. तिसरा झाला की उठायचं, ही सवय.

तिसरा आला नाही.

मी पडून राहिले. किती वेळ, ते माहीत नाही. एक मिनिट असेल. चार असतील. मग दार उघडलं. अण्णा फळीला टेकून बसले होते. एक हात उजव्या बादलीच्या कडेवर. बादली अर्धी फळीवर, अर्धी काट्यावर. चेहऱ्यावर दुखल्याची खूण नव्हती. ते पानांकडे बघत होते.

पुतण्याने, रविकिरणने, सगळं केलं. घरात माणसं आली आणि गेली. तेरा दिवस पूजा नव्हती, देवाजवळ पाणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी नीलगिरीची पानं खाली लोंबली. मी एक मग पाणी घातलं. न मोजता. घातल्यावर तो मग हातात धरून तशीच उभी राहिले. माझ्या नंतर लक्षात आलं की मी तो उपडा धरला होता.

चौदाव्या दिवशी देवघराचं दार वाजलं. अक्का गडू घेऊन बाहेर आल्या. रोपापर्यंत गेल्या. थांबल्या. मग वळून काट्यापाशी आल्या, गडू काट्यावर ठेवला.

"किती गं?" त्यांनी विचारलं.

मी गडवाचं वजन वजा करून आकडा सांगितला. त्यांनी मान हलवली आणि पाणी ओतलं.

आता रोज सात वाजता काटा वाजत नाही. मला तरी त्या वेळी जाग येते. पडल्या पडल्या वाटतं की बाहेर गच्चीत वजन घटतंय. कोणी बघत नसतानाही घटतंय. उगादी येऊन गेली. गावी कोणी गेलं नाही. मी लिहायला घेतलेला कागद अजून माझ्याकडे आहे. त्यावर साष्टांग नमस्कार आहे आणि खाली काही नाही.

वहीही अक्कांनी मलाच दिली. मोजणीची शेवटची ओळ चौदा मार्चची. मातीचं वजन आहे, खुंटांचं वजन आहे, नीलगिरीचा रकाना मोकळा आहे. दुरुस्तीची लाल शाई गेल्या वर्षीच्या बावीस मार्चपासून निघते आणि अठ्ठावीस सप्टेंबरला थांबते. पुढचे साडेपाच महिने तसेच आहेत. जुने आकडे, निळे, कमी.

एकोणतीस सप्टेंबरला कावेरीच्या पाण्यासाठी राज्यभर बंद होता. दुकान उघडलं नव्हतं. त्या दिवशी अण्णा घरीच होते. त्या तारखेपुढे लाल आकडा नाही. पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलंय. ते आम्ही तिघं बसलो असताना लिहिलेलं नाही. तेवीस सप्टेंबरच्या पुढे आम्ही एकत्र वाचलंच नव्हतं. पुढचे दिवस त्यांनी एकट्याने केले असणार.

"बंद. सकाळपासून गच्चीतच बसलो होतो. तिला ओतताना पाहिलं नाही. की पाहिलं? अनुसूयेला विचारणे."